ड्रेनेज लाइन दर ३ आठवड्यांनी तुंबते? आधी पाण्याचा वेग मोजा, मग जेटिंगला फोन करा

ज्यांच्या सोसायटीत ड्रेनेज लाइन ठरल्यासारखी दर दोन-तीन आठवड्यांनी चोकअप होते त्यांच्यासाठी हे लिहितोय. म्हणजे जेटिंगवाला (जोरदार प्रेशरच्या पाण्याने पाइप साफ करणारा) येतो, दोन तास मशीन चालवतो, पैसे घेतो, आठ-दहा दिवस सगळं झकास आणि मग परत तळमजल्याच्या किचनच्या नहाणीतून काळं पाणी वर. वर्षातून एकदा कधीतरी तुंबत असेल तर हे तुमच्यासाठी नाही, तिथे बहुतेक नॅपकिन, कापड, झाडाची मुळी नाहीतर फुटलेला पाइप असतो, ते काढलं की विषय संपतो. पण तीच जागा, तेवढेच दिवस, असं वेळापत्रक लावल्यासारखं होत असेल तर ते कचऱ्याचं काम नाही, पाइपाच्या आत काहीतरी वाढतंय आणि ते वाढायला तेवढे दिवस लागतायत एवढं समजा.

मी पुण्यात सोसायट्यांची प्लंबिंग-ड्रेनेजची कामं करतो, चौदा वर्षं झाली. ज्या बिल्डिंगवरून हे सगळं नीट समजलं तिचीच गोष्ट सांगतो, नाव कशाला. ३२ फ्लॅट, मागच्या बाजूने ४५ मीटरची लाइन, सहा चेंबर, दोन चेंबरमध्ये ९-९ मीटर अंतर. पूर्वी ६ इंची चिनी मातीचा पाइप होता, जुना झालेला, सांधे सुटलेले, म्हणून पेव्हिंग ब्लॉक टाकताना एका कॉन्ट्रॅक्टरने तो काढून ९ इंची सिमेंटचा टाकला. कमिटी खूश, मोठा पाइप म्हणजे तुंबायचं नाव नाही. आणि झालं उलटंच, जुनी लाइन वर्षातून दोनदा तुंबायची ती आता महिन्याला तुंबायला लागली, वर गेटजवळच्या शेवटच्या चेंबरला असा वास की वॉचमनने खुर्ची उचलून पलीकडे नेली.

मला बोलावलं तेव्हा जेटिंग होऊन अठरा दिवस झाले होते. चौथं चेंबर उघडलं, अर्धा तास उघडंच ठेवलं (हे का ते खाली सांगतो), आणि लांब काठीला खरवडणी बांधून पाइपाच्या तोंडातून आतला थर ओढून काढला. राखाडी-काळपट, भिजवलेल्या सब्जासारखा बुळबुळीत, काठीवर लोंबतोय पण तुटत नाही, आणि वरून बोट दाबल्यासारखी काठी दाबली की पाणी सुटतं. मध्ये मध्ये भाताची शितं, केस, तेलाचे पांढरे गोळे अडकलेले. करंगळीएवढी जाडी होती. कमिटीतले एक काका म्हणाले शेवाळ धरलंय. शेवाळ नाही हो ते, शेवाळाला उजेड लागतो, तिथे कुठला उजेड. ही बायोफिल्म. सांडपाण्यातले जिवाणू पाइपाच्या भिंतीला चिकटतात, स्वतःभोवती चिकट लाळेसारखा पदार्थ सोडतात आणि त्यात घर करून राहतात. दाताला सकाळी जो चिकटा असतो ना, जात तीच.

हा थर प्रत्येक ड्रेनेज पाइपात असतो, तुमच्या माझ्या सगळ्यांच्या. असणारच. प्रश्न तो किती जाड होतो याचा आहे, आणि ते बऱ्याच अंशी पाणी कसं वाहतं त्यावर ठरतं.

पाणी त्या थरासाठी दोन कामं करतं आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध. एक म्हणजे खाऊ आणून देतं, साबण, तेल, अन्न, मैला, सगळं. दुसरं म्हणजे वाहता वाहता थराला घासतं. पाणी संथ असेल तर खाऊ मिळतो पण घासणं नाही, मग थर जाड, फुगीर, कापसासारखा सैल होतो. वेग चांगला असेल तर वरचा सैल भाग रोजच्या रोज निघून जातो आणि खाली पातळ पण घट्ट थर राहतो, तो कुणाला त्रास देत नाही. इथे एक गोम आहे जी मलाही उशिरा कळली, वेग नुसता थोडासा वाढवला तर कधी कधी थर आधीपेक्षा जोमाने वाढतो, कारण भिंतीलगतचा साचलेला पाण्याचा पापुद्रा पातळ होतो आणि खाऊ आतपर्यंत जास्त पोचतो, पण घासायला पुरेल एवढा जोर अजून आलेला नसतो. म्हणून अर्धवट उपाय करून बघितला, काही फरक पडला नाही असं लोक म्हणतात त्यात तथ्य असतं.

मग पुरेसा वेग म्हणजे किती? सीपीएचईईओ ही केंद्र सरकारची पाणीपुरवठा-सांडपाण्याची तांत्रिक संस्था, तिच्या मॅन्युअलमध्ये सुरुवातीच्या काळातल्या पीक फ्लोला (म्हणजे गर्दीच्या वेळच्या सगळ्यात जास्त प्रवाहाला) सेकंदाला किमान ०.६ मीटर आणि डिझाइनच्या पीक फ्लोला ०.८ मीटर धरायला सांगितलंय, जास्तीत जास्त ३ मीटर. हा किमान आकडा मुळात वाळू-गाळ बसू नये म्हणून आहे, पण माझ्या अनुभवात दिवसातून एकदोनदा तरी लाइन ०.६ च्या वर गेली तर चिकटाही आटोक्यात राहतो. दिवसभर नको, सकाळच्या गर्दीत गेली तरी चालते.

आता मोजायचं कसं. यंत्र लागत नाही. संत्र्याची साल घ्या, बोटाएवढे दोन-तीन तुकडे. सकाळी साडेसातला, सगळ्यांच्या आंघोळी चालू असताना, वरच्या चेंबरमध्ये साल टाका आणि खालच्या चेंबरवर माणूस उभा करा, मोबाइलवर स्टॉपवॉच. अंतर भागिले सेकंद. साल वर तरंगते आणि वरचं पाणी जरा जास्त पळतं म्हणून आलेल्या आकड्यातून साधारण १५ टक्के वजा करा. तीन वेळा करा, एकदाच करून निर्णय घेऊ नका, कारण एका फ्लशने आकडा फिरतो. त्या बिल्डिंगमध्ये दोन नंबर ते तीन नंबर चेंबर ९ मीटरला २२ सेकंद लागले, म्हणजे वजावट करून ०.३५. तीन ते चारमध्ये ३१ सेकंद, आणि एक साल तर आलीच नाही. तेव्हाच कळलं की तीन आणि चारच्या मध्ये पाइपाला पोट आलंय, म्हणजे पाइप मध्येच खाली बसलाय.

पोट आलंय का ते बघायला जुनी पद्धत आहे, एका चेंबरमध्ये पाइपाच्या तोंडाशी टॉर्च धरायचा आणि दुसऱ्या चेंबरमध्ये तिरका आरसा, काठीला बांधून वरूनच, आत उतरायचं नाही. दुपारी पाणी कमी असताना. आरशात पूर्ण गोल दिसला तर पाइप सरळ, खालचा भाग कापल्यासारखा दिसला तर तिथे पाणी साचून आहे. आमच्याकडे चंद्राची कोर दिसली.

मग लेव्हल पाइप लावून सगळ्या चेंबरचे तळ मोजले. हे नीट करा, झाकणापासून तळापर्यंत टेप टाकून मोजू नका, कारण वरच्या पेव्हिंगलाच उतार असतो आणि हिशोब फसतो, पारदर्शक नळीत पाणी भरून सगळ्यांची एकाच लेव्हलला तुलना करा. मोजलं तर पूर्ण ४५ मीटरमध्ये पाइपाला फक्त ३० सेंटिमीटर उतार, म्हणजे १५० ला १ (१५० मीटर लांबीला १ मीटर उतार). आणि शेवटच्या चेंबरमध्ये पाइप महापालिकेच्या कनेक्शनपेक्षा ४५ सेंटिमीटर वर उघडलेला, पाणी धबधब्यासारखं खाली पडतंय. सगळा खुलासा तिथेच झाला. आपल्याकडे दोन-अडीच फुटांखाली काळा खडक लागतो, ब्रेकर लावावा लागतो, पैसा लागतो. कॉन्ट्रॅक्टरने वरून सुरुवात केली, खोदाई वाचवायला उतार कमी ठेवला आणि उरलेली उंची शेवटच्या चेंबरमध्ये एकदम सोडून दिली.

आणि त्याला विचारलं असतं तर त्याच्याकडे उत्तरही तयार असणार, की मोठ्या पाइपाला कमी उतार चालतो. हे वाक्य प्रत्येक साइटवर ऐकायला मिळतं. ४ इंचीला ४० ला १, ६ इंचीला ६० ला १, ९ इंचीला ९० ला १, असा गवंड्यांचा पाठ असलेला नियम आहे आणि नियम चुकीचा नाही, पण त्यात एक गोष्ट गृहीत आहे, की पाइप बऱ्यापैकी भरून वाहतोय. ३२ फ्लॅटचं पाणी किती? माणशी दिवसाला १३५ लिटर धरा, घरात चार माणसं, म्हणजे दिवसाचं सतरा हजार लिटरच्या आसपास, त्यातलं सुमारे ८० टक्के ड्रेनेजला. चोवीस तासांवर वाटलं तर सेकंदाला पाव लिटरही होत नाही! सकाळी तीन-चार बाथरूम एकदम चालू असतील तेव्हा २ लिटर धरा. आता हे २ लिटर ६ इंची पाइपात ६० ला १ उतारावर सोडले तर गणिताने वेग ०.७ मीटर येतो. तेच २ लिटर ९ इंची पाइपात १५० ला १ वर सोडले तर ०.५ च्या खाली, आणि पाणी तळाशी जेमतेम दीड इंच. भिंतीला घासायचा जोर निम्म्याहून कमी. तो ९ इंची पाइप पूर्ण भरला असता तर वेग ०.९ मीटर आला असता, कागदावर कॉन्ट्रॅक्टर बरोबरच होता, पण तो पाइप भरणार कधी आणि कुणाच्या पाण्याने?

म्हणून कुणी तुम्हाला तुंबतंय म्हणून पाइप मोठा करा असा सल्ला दिला तर आधी उतार विचारा. मोठ्या पाइपाने वेग वाढत नाही, तोच उतार आणि तेवढंच पाणी असेल तर उलट किंचित कमी होतो.

आता वासाचं. चोकअप आणि वास या दोन वेगळ्या तक्रारी समजून लोक दोन वेगळी माणसं बोलावतात, पण मूळ एकच. थर जाड झाला की आतल्या भागापर्यंत ऑक्सिजन पोचत नाही, पाण्यातला ऑक्सिजन वरचेच जिवाणू खाऊन टाकतात. मग आत दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात, ते पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात, सडक्या अंड्याचा वास तोच. संथ पाणी असलं की हवेतून ऑक्सिजनही कमी मिसळतो, म्हणजे दोन्हीकडून मार. हा गॅस पाण्यात विरघळून शेवटच्या चेंबरपर्यंत येतो आणि तिथे पाणी उंचावरून आपटलं की सोड्याची बाटली हलवून उघडावी तसा बाहेर पडतो. वॉचमनची खुर्ची बरोबर तिथेच होती. त्यामुळे पाणी खळाळतंय म्हणजे चांगलंच, असं सरसकट नाही, लाइनभर एकसारखा वेग चांगला, शेवटी एकदम धबधबा वाईट.

त्या शेवटच्या चेंबरचं प्लास्टर मी पेचकसने खरवडलं तर ओल्या खडूसारखं पांढरं निघून आलं, अर्धा इंच आत गेला पेचकस, फारसा जोर न लावता. गॅस वरच्या ओलसर भिंतीवर बसतो, तिथे आणखी वेगळे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि ते सिमेंट खातं. हे काम जिवाणूंचं आहे हे सी. डी. पार्कर यांनी ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या गटारांवर काम करताना १९४५ साली दाखवलं. म्हणूनच झीज पाण्याखाली कमी दिसते आणि पाण्याच्या वर, झाकणाच्या खालच्या बाजूला जास्त दिसते. तुमच्या चेंबरचं आरसीसी झाकण उलटं करून बघा, खालून सळ्या दिसायला लागल्या असतील तर लाइनमध्ये गॅस आहे हे नक्की, आणि ते झाकण आधी बदला, त्यावरून मुलं खेळतात, गाड्या जातात.

इथे थांबून एक सांगतो आणि हे पूर्ण पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. चेंबरमध्ये कोणीही उतरायचं नाही. कोणीही म्हणजे कोणीही, पाच मिनिटांसाठी नाही, तोंडाला रुमाल बांधून नाही. हा गॅस अगदी थोडा असतो तेव्हा वास येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत शंभरएक भाग झाला की नाक बधिर होतं आणि वास येणं बंद होतं, माणसाला वाटतं गॅस गेला. त्याच्या कितीतरी पट वर गेला की माणूस काही श्वासांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. जाड थर काठीने ढवळला की साठलेला गॅस एकदम सुटतो, म्हणून झाकण उघडून अर्धा तास लांब थांबायचं, दोन्हीकडची झाकणं उघडायची, वाकून तोंड आत घालायचं नाही. सेफ्टी गिअर न देता माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि मृत्यू झाला तर ३० लाख भरपाई असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलंय. पण कायदा बाजूला ठेवा, दोन हजार रुपये वाचवायला एखाद्या पोराला खाली पाठवणाऱ्या कमिटीसोबत मी काम करत नाही, सरळ सांगतो.

तसंच ॲसिड. तुंबलं की ॲसिडची बाटली ओतायची सवय आहे लोकांना. सल्फाइड साठलेल्या लाइनमध्ये ॲसिड गेलं की गॅस आणखी जोरात सुटतो, आणि आधी कुणी ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर क्लोरीन. शिवाय थरावर परिणाम काय, वरचा पापुद्रा मरतो आणि मेलेला थरही तिथेच चिकटून राहतो, त्यावर नवीन वाढायला जागा तयार. उकळतं पाणी ओतून तेल वितळतं खरं पण पुढे दहा फुटांवर जाऊन परत गोठतं, आणि पीव्हीसी पाइप मऊ पडून वाकतो ते वेगळंच.

जेटिंग वाईट नाही, पण जेटिंग म्हणजे गवत कापणं आहे. भिंतीवर पातळ पापुद्रा राहतोच, त्यातूनच थर काही दिवसांत परत उभा राहायला लागतो आणि वेग तोच असेल तर जाडी परत तिथेच जाते. तुमचं चोकअपचं चक्र किती दिवसांचं आहे हे लिहून ठेवा, कारण उपाय लागू पडला की नाही हे त्या आकड्यावरूनच कळतं. उन्हाळ्यात चक्र लहान होतं, उष्णतेने सगळं भराभर वाढतं. आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात हमखास चोकअप होत असेल तर गच्चीच्या पावसाळी पाइपाचं तोंड कुठे जातं ते बघा. ते ड्रेनेजला जोडलेलं असतं, एकदम पाणी येतं, वर्षभराचा सैल थर पोपडे धरून एकत्र सुटतो आणि पुढच्या बेंडला जाऊन बसतो. पावसाचं पाणी मैल्याच्या लाइनला जोडणं तसंही चूक, ते वेगळं करा.

आम्ही काय केलं ते सांगतो. तो ९ इंची पाइप पूर्ण काढला, ६ इंची म्हणजे बाजारात १६० एमएम पीव्हीसी मिळतो तो टाकला, आणि शेवटच्या चेंबरमध्ये वाया जाणारी ४५ सेंटिमीटर उंची सगळ्या लाइनमध्ये वाटून टाकली. ३० अधिक ४५, पंचाहत्तर सेंटिमीटर, ४५ मीटरला बरोबर ६० ला १. शेवटचा धबधबा गेला. खडक फोडायला तीन दिवस लागले, खर्च झाला, नाही म्हणत नाही, पण दीड-दोन वर्षांचा जेटिंगचा खर्च कमिटीने जोडून बघितला आणि मग कुणी काही बोललं नाही. पाइपाखाली खडी-वाळूचा बेड नीट ठोकून केला, नाहीतर परत पोट येतं. प्रत्येक चेंबरच्या तळाला हाफ राउंड (अर्धगोल नाली) करून बेंचिंग, म्हणजे दोन्ही बाजूंचा नालीकडे उतरता सिमेंटचा भाग, घोटून घेतलं, हे लोक विसरतात, सपाट तळाच्या चेंबरमध्ये पाणी पसरतं, वेग मरतो आणि थर तिथूनच सुरू होतो.

सगळ्यांना खोदाई जमणार नाही, कुठे वर पार्किंग असतं, कुठे उंचीच उपलब्ध नसते. तिथे पाण्याचा झोत द्या. २०० लिटरचा ड्रम दोन-तीन फूट उंच स्टँडवर ठेवायचा, तळाला ३ इंची बॉल व्हॉल्व्ह, तिथून पाइप पहिल्या चेंबरमध्ये. भरायला आरओचं वाया जाणारं पाणी, टाकी धुतलेलं पाणी, काहीही, पिण्याचं नको. व्हॉल्व्ह एकदम पूर्ण उघडायचा, अर्ध्या मिनिटात ड्रम रिकामा झाला पाहिजे, म्हणजे सेकंदाला सहा-सात लिटर. तेवढ्याने १५० ला १ च्या आळशी लाइनमध्येही वेग ०.७ च्या आसपास जातो. पुढे जाईल तसा झोत पसरून मंदावतो, त्यामुळे पहिल्या वीस-तीस मीटरला फायदा जास्त, लाइन लांब असेल तर मध्ये दुसरा ड्रम. आठवड्यातून दोनदा, जेटिंग करून झाल्यावर लगेच सुरू करायचं. जाड थर आधीच असताना झोत मारला तर पोपडे सुटून खाली तुंबतं, मी एकदा ही चूक केलीय, रविवारी सकाळी, आणि संध्याकाळपर्यंत तिथेच होतो.

एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) असलेल्या सोसायट्यांनी बेसमेंटच्या संपपासून, म्हणजे सांडपाणी गोळा होतं त्या टाकीपासून, वर जाणारी पंपाची लाइनही बघा. ती कायम भरलेली, हवा अजिबात नाही, पंप बंद असताना पाणी आत तासन्‌तास उभं. वास तिथे सगळ्यात जास्त तयार होतो. पंपाचा फ्लोट (पाण्याच्या पातळीवर पंप चालू-बंद करणारा तरंगता स्विच) असा सेट करा की संप पूर्ण भरायची वाट न बघता जास्त वेळा चालेल आणि पाणी आत शिळं होणार नाही, पण प्रत्येक वेळी पाइपात चांगला वेग येईल एवढा वेळ तरी चालला पाहिजे.

त्या बिल्डिंगमध्ये नवीन लाइनला परत संत्र्याची साल सोडली, त्याच वेळी, साडेसातला. ९ मीटरला १२ सेकंद. वजावट करून ०.६४. तीन महिन्यांनी चौथं चेंबर उघडून तीच काठी लावली, पाइप हाताला गुळगुळीत लागतो तसा काठीला लागला, थर होता पण नखाएवढा पातळ. पहिल्या चेंबरच्या वर मात्र, जिथे एकाच विंगचं पाणी येतं, तिथे अजून चिकटा जरा जास्त धरतो, म्हणून तिथे ड्रम ठेवलाय आणि बुधवारी-रविवारी वॉचमनच व्हॉल्व्ह उघडतो.